गाडीचा सायलेन्सर पाइप पुन्हा पुन्हा तुटतोय? वेल्डिंगच्या आधी तुटलेली जागा नीट बघा

सायलेन्सरचा पाइप तुटला, वेल्डिंग मारून आणला आणि दोन-चार महिन्यांत परत तुटला, असं ज्यांच्या गाडीचं होतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिल्यांदाच तुटला असेल तर जोड मारून बहुतेक वेळा भागतं. पण त्याच जागी, किंवा जोडापासून बोटभर अलीकडे-पलीकडे पुन्हा तुटला, तर निव्वळ वेल्डिंगला दोष देऊन चालत नाही. जो भार पाइपने उचलायचाच नसतो, तो कुठून तरी त्याच्यावर येतोय. तो शोधला नाही तर वेल्डरचा हात कितीही चांगला असो, पुढचा जोडही जाणार.

नाशिकच्या अंबडमध्ये पत्र्याच्या आणि पाइपच्या जोडकामात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे ओळखीचे लोक असल्या तक्रारी घेऊन येत असतात. नाशिकमध्ये या दुखण्याला कारणं भरपूर आहेत. इगतपुरी-त्र्यंबककडचा पाऊस आहे, सिंहस्थाच्या कामांसाठी खणलेले रस्ते आहेत, कॉलनीच्या तोंडाशी रातोरात उगवलेले उंच गतिरोधक आहेत. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा थेट गाडीच्या पोटाला लागतो. पण ही झाली निमित्तं. एकाच रस्त्यावर धावणाऱ्या दोन सारख्या गाड्यांपैकी एकीचाच पाइप वारंवार तुटतो, तेव्हा कारण त्या गाडीतच असतं.

आधी जिवाची गोष्ट

तुटलेल्या पाइपच्या आवाजाने लोक वैतागतात, पण खरा धोका आवाजाचा नाही. इंजिनमधून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. पाइप शाबूत असेल तर हा वायू गाडीच्या मागे हवेत जातो. पुढच्या किंवा मधल्या भागात तुटला असेल तर तो थेट पायाखालच्या पत्र्याशी साचतो आणि गिअर लिव्हरच्या रबरातून, वायरिंगच्या भोकांतून, एसीच्या हवेतून आत येतो.

कसारा घाटात वाहतूक तुंबली आहे, काचा बंद, एसी चालू, इंजिन चालू, मागच्या सीटवर पोरं झोपलेली. अशा वेळी हे होऊ नये. डोकं जड होणं, मळमळ, विनाकारण गुंगी, आणि हे गाडीतल्या एकापेक्षा जास्त जणांना एकदम होणं ही त्याची खूण. लगेच गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा. कुणी नीट शुद्धीवर नसेल तर १०८ ला फोन करा. पाइप तुटलेला असताना गाडीत एसी लावून झोपायचं नाही आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. पाइप तुटलेला नसला तरी हे दोन्ही करू नयेच.

तुटलेली कड काय सांगते

आता मुख्य काम. वेल्डरने ग्राइंडर लावायच्या आधी तुटलेल्या जागेचा मोबाइलवर जवळून फोटो काढा. एकदा कड घासली की पुरावा गेला. मला कुणी नुसता फोन करून विचारलं तर मी आधी हा फोटोच मागतो.

कडेकडे बघा. पाइपचा पत्रा मूळ जाडीचाच आहे, कड कोरी आहे आणि चीर पाइपच्या गोलाईने गेली आहे, तर पाइप थकून तुटलाय. तार पुढे-मागे वाकवत राहिलं की शेवटी तुटते, तसा. म्हणजे काहीतरी त्याला सतत हलवतंय किंवा वाकवून ठेवतंय. अशा चिरेचा एक भाग काजळीने काळा आणि उरलेला ताजा, चकाकता असेल, तर काळा भाग आधीपासून फुटलेला होता आणि उरलेला आत्ता तुटला, असं समजायचं. काळा भाग ज्या बाजूला आहे तिथून चीर सुरू झाली. वरच्या बाजूने सुरू झाली असेल तर बहुधा पाइप खाली लोंबत होता. हे शंभर टक्के धरून चालू नका, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून कळतं.

कड पातळ झाली आहे, बोटाने खपल्या सुटतात, आसपास स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर आत जातो, तर हा गंज आहे. इथे जोड मारणंच चुकीचं. कुजलेल्या पत्र्याला जोड धरत नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत मागे कापून नवीन तुकडा टाकावा लागतो. नुसता वरवरचा तपकिरी रंग दिसला म्हणून मात्र घाबरू नका. कंपनीचा पाइप बहुतेक गाड्यांत ४०९ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा असतो, त्याला चुंबकही चिकटतं आणि वर तांबूस थरही येतो. त्याने पाइप कमकुवत होत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे तुटल्याच्या जवळ पाइप चेपलेला, ओरखडलेला असणं. म्हणजे खालून मार लागलाय. मात्र मार एका जागी लागतो आणि पाइप भलतीकडेच फुटतो, असंही होतं. रिव्हर्स घेताना मागचं टोक दुभाजकाला किंवा कंपाउंडच्या दगडाला लागलं तर सगळा पाइप पुढे ढकलला जातो आणि चीर पडते ती थेट इंजिनजवळ. म्हणून गाडीच्या मागे उभं राहून बघा. बंपरच्या खाचेत पाइपचं टोक मधोमध आहे का, की एका बाजूला किंवा आत सरकलंय?

इंजिनजवळची जाळी तुटत असेल तर

वारंवार तुटण्याच्या तक्रारींत सगळ्यात जास्त बघितलेली जागा हीच, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं. अॅक्सिलरेटर दाबला की ते एका बाजूला झुकतं, सोडला की परत येतं. पाइप मात्र बॉडीला टांगलेला असतो. इंजिन हलणार आणि पाइप फारसा हलणार नाही, या दोघांमधला फरक जिरवायला मध्ये जाळीचा लवचीक तुकडा असतो. गॅरेजमध्ये त्याला कुणी जाळी म्हणतं, कुणी फ्लेक्स. बाहेर विणलेली तार आणि आत नागमोडी पातळ नळी.

ही जाळी ठरावीक हालचालीपुरती बनवलेली असते. इंजिनला धरून ठेवणारं माउंटिंगचं रबर फाटलं की इंजिन कितीतरी जास्त झुकायला लागतं आणि जास्तीचा सगळा झटका जाळीवर येतो. जाळी फाटते, आपण जाळी बदलतो. माउंटिंग तसंच राहतं, जाळी पुन्हा फाटते.

इंदिरानगरमध्ये आमच्या शेजारच्या काकांच्या सीएनजी गाडीचं हेच चाललं होतं. जाळी बदलून झाली, तरी फाटली. शेवटी गॅरेजवाला त्यांना म्हणाला, "काका, आता ही जाळीची झंझटच काढून टाकू. सरळ पाइप मारून देतो, जन्मात तुटणार नाही." काका माझ्याकडे आले. "काय म्हणता, करून टाकू का? रोजची कटकट तरी मिटेल."

मी म्हटलं, "काका, थांबा. आधी बॉनेट उघडा."

ही तपासणी तुम्हालाही करता येईल, पण दोघं जण हवेत. सपाट जागा, गाडीच्या समोर आणि मागे कुणीही उभं राहायचं नाही, बघणाऱ्याने बाजूला मडगार्डपाशी उभं राहायचं. हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय घट्ट. चालकाने पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडायचा, गाडीला नुसता ताण येईल इतकाच, आणि परत दाबायचा. मग तेच रिव्हर्समध्ये. चांगल्या माउंटिंगवर इंजिन किंचित झुकतं आणि सावरतं. काकांच्या गाडीत इंजिन उसळून मागे गेलं आणि रिव्हर्सला धप्प करून पुढे आलं. रॅम्पवर घेतल्यावर कारण दिसलं. खालच्या बाजूला इंजिनला धरणारा टॉर्क रॉड असतो, त्याचं रबर आरपार फाटलं होतं. फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता.

माउंटिंग बदललं, नवी जाळी टाकली आणि ती टिकली. सरळ पाइप टाकला असता तर जाळीवर येणारा झटका मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनमधून निघणारा वायू गोळा करणाऱ्या पहिल्या तुकड्यावर, किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या मानेवर गेला असता. बीएस-६ गाड्यांत, म्हणजे १ एप्रिल २०२० पासूनच्या, कन्व्हर्टर बहुधा मॅनिफोल्डला लागूनच असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू असतात आणि पाइपमधला तो सगळ्यात महागडा भाग असतो. जाळी वाचवायला जाऊन त्याला तडा गेला तर खर्च कुठल्या कुठे जाईल! जाळीच्या जागी सरळ पाइप घालू देऊ नका, कुणी कितीही खात्री दिली तरी.

जाळी विकत घेताना व्यास आणि लांबी जुन्याइतकीच घ्या. आखूड जाळी स्वस्त मिळते आणि लवकर जाते. आतून पट्ट्यांचं अस्तर असलेली जाळी मिळाली तर ती घ्या, गरम वायूचा मार आतल्या पातळ नळीला थेट बसत नाही. बसवताना ती ताणलेली, दाबलेली किंवा पिळलेली नको. वाकणं ती सहन करते, पीळ नाही. वेल्डिंग फक्त दोन्ही टोकांच्या कॉलरवर. विणलेल्या भागाला आर्क लागला की त्याच जागी ती फाटणार हे ठरलेलंच.

स्प्रिंगचे बोल्ट आणि टांगणीची रबरं

काही गाड्यांत जाळीऐवजी, किंवा जाळीच्या जोडीला, गोल गॅस्केट आणि स्प्रिंग घातलेले दोन बोल्ट असतात. हा सांधा मुद्दामच हलता ठेवलेला असतो. स्प्रिंग गंजून तुटली की बरेच जण तिथे साधे नट-बोल्ट आवळून देतात. गळती थांबते, पण सांधा जाम होतो आणि काही दिवसांनी पाइप पुढे कुठेतरी फुटतो. तुमच्या गाडीत स्प्रिंगच्या जागी साधा बोल्ट दिसला तर कारण सापडलं समजा. दोन्ही स्प्रिंग, दोन्ही बोल्ट आणि गॅस्केट एकत्र बदला. खांद्याचे, म्हणजे मध्ये जाड टप्पा असलेले बोल्ट असतील तर खांदा टेकेपर्यंतच आवळायचे.

रबरं ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात दुर्लक्षित. गाडी थंड असताना मागचा सायलेन्सर हाताने वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. थोडा झुलला पाहिजे आणि आपल्या जागी परत आला पाहिजे. ठण्णकन बॉडीला लागत असेल तर रबर ताणलंय. अजिबात हलत नसेल तर कुणीतरी तो तारेने करकचून बांधलाय किंवा टांगणीचा रॉड थेट वेल्ड केलाय. तेही तितकंच वाईट, कारण मग रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट पाइपला बसतो. एक रबर तुटलं की त्याच्या वाट्याचं वजन शेजारच्यांवर पडतं, म्हणून सगळी एकदम बदला. चढवताना ऑइल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगून मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरतं.

मागचा डबा आतून का कुजतो

लोकांना वाटतं पावसाचं पाणी बाहेरून लागून सायलेन्सर कुजतो. काही अंशी खरं आहे. पण बरंचसं पाणी इंजिन स्वतःच तयार करतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. सीएनजीत हे प्रमाण आणखी जास्त, एक किलो गॅसमागे सव्वादोन किलोच्या आसपास. लांबच्या प्रवासात डबा तापतो आणि ही वाफ निघून जाते. पण डिसेंबरच्या सकाळी गंगापूर रोडवरून मुलांना शाळेत सोडून दहा मिनिटांत परत आलात तर डबा तापतच नाही. वाफेचं पाणी होतं, त्यात जळणातली आम्लं मिसळतात आणि ते डब्याच्या तळाला साचून राहतं. काकांची गाडीही अशीच, सीएनजीवर आणि जवळच्याच फेऱ्यांची. त्यांचा डबा शिवणीवर गळायला लागला होता.

अशी गाडी असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवा. सिन्नरपर्यंत जाऊन आलात तरी डबा आतून सुकतो. बऱ्याच डब्यांना तळाशी बारीक भोक असतं, ते कंपनीनेच पाणी निघायला ठेवलेलं असतं. गळती समजून ते वेल्डिंगने बुजवलेलं मी बघितलंय. बुजवू नका. सकाळी टोकातून पांढरी वाफ आणि चार थेंब पाणी येणं हेही नेहमीचंच, इंजिन तापल्यावर ते थांबतं. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला रबरी कोटिंग करून घेत असाल तर पाइप आणि डबा त्यातून वगळायला सांगा. तापल्यावर ते जळतं आणि महिनाभर गाडीत वास येतो.

डबा आतून खुळखुळत असेल तर आतले पडदे सुटलेत, त्याला दुरुस्ती नाही, डबा बदला. खुळखुळ वरून येत असेल तर बहुधा पाइपच्या वरचा उष्णता अडवणारा पत्रा सैल झालेला असतो, त्याला स्टीलचा क्लॅम्प लावला की झालं. पत्रा काढून मात्र टाकू नका, वर वायरिंग आणि इंधनाच्या नळ्या असतात. आणि गाडी थंड असताना टिकटिक असा आवाज येतो, तापल्यावर जातो, असं असेल तर तो पाइप नाही. मॅनिफोल्डच्या गॅस्केटकडे बघा.

बारीक चीर दिसत नसेल तर

इंजिन थंड असताना चालू करा. कुणीतरी जाड, ओला कपडा हातमोजा घालून मागच्या टोकावर क्षणभर धरायचा, तेवढ्यात दुसऱ्याने बाजूने ऐकायचं. फुसफुस जिथून येते तिथे चीर. पाइप गार असतानाच हे करायचं आणि दोन-तीन सेकंदांच्या वर दाबून ठेवायचं नाही. चिरेच्या आसपास काजळीचा पट्टाही दिसतो.

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर सेन्सर बदलायची घाई करू नका. पाइपमधला वायू धक्क्याधक्क्याने जातो, आणि दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि संगणक उगाच जास्त पेट्रोल सोडतो. मायलेज पडतं, कधी कन्व्हर्टर निकामी असल्याचा पी०४२० कोड येतो. आधी गळती बंद करा, कोड पुसा, चार दिवस गाडी चालवा, मग ठरवा. पीयूसीचंही तसंच. आत हवा शिरत असेल तर त्या तपासणीचे आकडे खरे येत नाहीत.

वाटेत तुटला तर

गाडी सुरक्षित जागी घ्या आणि किमान पाऊण तास पाइपला हात लावू नका. कन्व्हर्टरजवळचा भाग कित्येकशे अंश तापलेला असतो. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, दिवाळीनंतर पेठ रोडला किंवा त्र्यंबककडे रस्त्याच्या कडेला असं गवत सगळीकडे असतं.

तुटलेला भाग कसा लोंबतोय ते बघा. मागचं टोक खाली घासत असेल तर ठिणग्या उडतील, आवाज होईल, पण बांधून हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. तुटक्या भागाचं पुढचं टोक खाली आलं असेल तर मात्र गाडी पुढे अजिबात नेऊ नका. ते टोक खड्ड्यात किंवा गतिरोधकाला रुतलं की पाइप वर उसळून फरशीत किंवा टाकीत घुसू शकतो. आधी ते टोक बांधा किंवा तो भाग सोडवून डिकीत टाका, थंड झाल्यावर. बांधायला लोखंडी तारच हवी. स्लॅबच्या कामावर सळया बांधायची तार कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, एक वेटोळं डिकीत असू द्या. नायलॉनची दोरी, प्लास्टिकचा टाय वितळतो. साधी एपॉक्सी लांबीही या उष्णतेला टिकत नाही. मग चारही काचा उघड्या, डिकी बंद, आणि जवळचं गॅरेज. तिथून सापुताऱ्याला जायचं असेल तर तो बेत पुढे ढकला.

गाडीखाली जायची वेळ आली तर नुसत्या जॅकवर कधीही जाऊ नका. घोडी, म्हणजे गाडी पेलणारा लोखंडी स्टँड लावा, चाकांना दगड लावा. त्यापेक्षा सर्व्हिसिंग सेंटरचा रॅम्प बरा.

जोड मारून घेताना

अंबड-सातपूरला फॅब्रिकेशनची इतकी वर्कशॉप्स आहेत की चांगलं आर्गन किंवा सीओटू वेल्डिंग मिळायला नाशिककरांना अडचण नाही. पातळ पाइपला जाड रॉडचं आर्क वेल्डिंग शक्यतो नको, पत्रा जळतो आणि जोडाच्या कडेला खाच पडते. पुढची चीर तिथूनच सुरू होते. पाइप स्टेनलेसचा असेल तर तारही स्टेनलेसची वापरायला सांगा. तुकडा टाकायचा झाला तर नळकामाचा जीआय पाइप नको. त्यावरचं जस्त जळून निघणारा धूर वेल्डरला आजारी पाडतो, आणि जोडही खराब होतो.

सगळ्यात महत्त्वाचं काम वेल्डिंगच्या आधीचं आहे आणि नेमकं तेच घाईत राहून जातं. तुटलेली दोन टोकं पान्याने ओढून, दाबून एकमेकांना भिडवली आणि जोड मारला, तर तो ताण कायमचा पाइपमध्ये राहतो. इंजिन बंद असतानाही पाइप ओढलेलाच असतो. म्हणून वेल्डरला हा क्रम सांगा. आधी सगळी रबरं नवी लावून पाइप टांगा. सगळे सांधे ढिले ठेवा. पाइप आपणहून जिथे बसतो तिथे टोकं जुळतात का बघा. जुळत नसतील तर तुकडा कापा, पाइप ओढू नका. जागेवर फक्त दोन-तीन टाके मारा, मग पाइप खाली काढून पूर्ण जोड बाहेर मारा. परत चढवून पुढून मागे या क्रमाने बोल्ट आवळा. पाइप आणि बॉडी यांच्यात सगळीकडे बोटभर जागा राहिली पाहिजे.

याला अर्धा-पाऊण तास जास्त लागतो आणि वेल्डर त्याचे पैसे जास्त मागेल. ते द्या. तो वेळ त्याच्या कामाचाच भाग आहे.

गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असू द्या, अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा, जवळचा ऑक्सिजन सेन्सर सोडवून ठेवा. पेट्रोलची टाकी, इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या, सीएनजीची लाइन यांच्याजवळ गाडीवर जोड मारू देऊ नका. तिथे पाइप खाली काढायलाच लावा.

गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर काहीच करू नका, आधी कंपनीच्या सेंटरला दाखवा. खालून आदळून तुटला असेल आणि सर्वसमावेशक विमा असेल, तर फोटो काढून दुरुस्तीआधी विमा कंपनीला कळवा. गंजून किंवा झिजून तुटलेल्याचे पैसे विम्यातून मिळत नाहीत.

आणि कन्व्हर्टरला हात लागणार असेल तर समोर उभे राहा. "आतलं खोकं काढून टाकू, गाडी मोकळी पळेल" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. प्रदूषण वाढतं, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मौल्यवान धातूंचा तो भाग भंगारात कुणीतरी विकतो. काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या. नवा कन्व्हर्टर बसवला असेल तर बिलावर तसं लिहून घ्या.

काम झाल्यावर आठवडाभराने, गाडी पूर्ण थंड असताना, एकदा खाली बघा. तापून-थंडावून नवे बोल्ट थोडे ढिले पडतात, ते पुन्हा आवळून घ्या. जोडाच्या कडेने काजळी दिसते का, रबरं आपल्या जागी आहेत का, मागचं टोक बंपरच्या मधोमध आहे का, एवढं बघा. पाइप कुठे सरकलेला दिसला तर तेव्हाच माउंटिंगची तपासणी पुन्हा करा, पाइप तुटायची वाट बघू नका.